अक्काच्या गाण्यावर छापलेलं ‘पारंपरिक’

धुळ्यातल्या ज्या माणसाने ती कॅसेट काढली, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांची कॅसेट होती. नव्वदनंतर जळगावच्या स्टँडवरच्या टपरीत ती दिवसभर वाजायची. एकदा बसची वाट बघताना मी तिसरं गाणं ऐकलं आणि तिथेच थबकलो. ते माझ्या थोरल्या बहिणीचं गाणं होतं. कॅसेट विकत घेऊन वेष्टन वाचलं. गाणाऱ्या बाईचं नाव होतं, पेटीवाल्याचंही होतं. गीताच्या जागी लिहिलं होतं, ‘पारंपरिक’.

कसली परंपरा? ते गाणं कोणत्या झोक्यावर जन्मलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच्या दहाएक वर्षं आधी मी केळीच्या व्यापारात नुकता पाय रोवत होतो. आखाजीला सासरी गेलेल्या बहिणीला आणायला भावाने मुराळी म्हणून जायचं असतं. त्या वर्षी माल निघाला होता, भावही बरा होता. मी गेलो नाही. अक्का शिरपूरजवळच्या तिच्या गावी सण संपेपर्यंत वाट बघत बसली.

पुढच्या आखाजीला मी तिला आणलं. गावच्या निंबाला झोके बांधलेले होते. तिने झोका घेतला आणि गळा मोकळा सोडला:

‘केळीना घड मोजता मोजता
भाऊ बहीणले इसरी गया...’

बाया हसून लोटपोट झाल्या. कोणीतरी ओरडली, “अक्का, तुन्हा भाऊ आठेच उभा शे वं!” अक्काने माझ्याकडे बघून तीच ओळ पुन्हा म्हटली. माझं डोकं फिरलं. मी झोक्याचा दोर धरला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “हे गाणं पुन्हा म्हटलंस तर मुराळी म्हणून कधी येणार नाही.”

तिने पुन्हा ते म्हटलं नाही. पण झोक्याभोवतीच्या पोरीबाळी ते आपापल्या सासरी घेऊन गेल्या. जिथे जे पिकत होतं ते त्यात शिरत गेलं.

कॅसेटवाल्याकडे गेलो तेव्हा त्याने हेच पुढे केलं. “भाऊ, आमच्या गाण्यात केळी कुठंय? कापूस आहे.”

“केळी काढून कापूस भरला. चाल कुठून आणली?”

“शहाद्याच्या बाईने म्हटलं. तिच्या आजीचं आहे म्हणाली.”

“तिच्या आजीला माझी बहीण कुठे भेटली?”

मी टेबलावर हात आपटला. पैशाचं बोलायला तो तयार होता, मी ऐकलं नाही. मला अक्काचं नाव हवं होतं. ताणून ताणून शेवटी तो म्हणाला, “पुढच्या छपाईत टाकतो. पण अक्कांनी स्वतः सांगावं, गाणं कसं सुचलं. तेही दोन ओळींत छापू.” सौदा जिंकला असं मला वाटलं.

अक्काला धुळ्याला आणलं. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आदराने विचारलं. अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा करत म्हणाली, “हाई गानं मन्हं नही, भाऊ. बठ्ठ्या बायास्नं शे.”

सगळ्या बायांचं! कॅसेटवाला माझ्याकडे बघून हसला. ते हसू अजून डोक्यात आहे.

परतीच्या एसटीत मी तिच्यावर तोंड सोडलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काय सांगू त्याले? मन्हा भाऊ माले लेवाले उना नही, असं? छापाईसन तुन्हीच आब्रू जाई.”

“जाऊ दे. मला चालेल.”

“तुले आते चालस,” ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

कॅसेट पुन्हा निघाली, ‘पारंपरिक’ म्हणूनच. त्या माणसाला मी आजही शिव्या देतो, पण तो नाव छापायला तयार होता, हे मला विसरता येत नाही. हे लिहायच्या आधी अक्काला विचारलं. म्हणाली, “लिख. नाव टाकू नको.” म्हणून टाकलेलं नाही.