भेंडीची ओळ

सुरतेत मराठी माध्यमाचे वर्ग एकेक करून बंद होत गेले, तेव्हा माझी शाळेत एकवीस वर्षं शिकवून झाली होती. मुलं गुजराती शाळांत जाऊ लागली, आमच्याकडे पट भरेना. मग कुणीतरी भेस्तानच्या एका छापखान्याचं नाव सुचवलं. तिथे कीटकनाशकांच्या बाटल्यांबरोबर खोक्यात जाणारी माहितीपत्रकं छापली जात. औषध ज्या ज्या भागात विकायचं तिथल्या भाषेत माहिती द्यायची असा नियम, म्हणून त्यांना मराठी वाचणारं माणूस हवं होतं.

सकाळी पर्वत पाटियाहून बस पकडून मी तिथे पोचायची. यंत्राच्या आवाजात एका कोपऱ्यात टेबल, वर नळीचा दिवा, समोर प्रूफं. अक्षर इतकं बारीक की भिंग लागायचं. कागद उलगडला की पंच्यासारखा मोठा आणि घडी घातली की आगपेटीएवढा. त्यात विषारीपणाची खूण, उलटी झाली तर काय करावं, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा आणि मधोमध एक तक्ता. कोणतं पीक, कोणती कीड, किती औषध, किती पाणी. शेवटच्या रकान्यात शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, तो आकडा. हा आकडा पाळला तर भाजीत राहिलेलं औषध ठरलेल्या मर्यादेत येतं, एवढं मला छापखान्याच्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका औषधाबद्दल सरकारी आदेश आला. भेंडीवर ते वापरायची परवानगी काढून घेतली होती. इतर पिकांना चालेल, भेंडीला नाही. कंपनीने नवा मजकूर पाठवला, घाई होती. मी दोन दिवस मराठी प्रूफ वाचलं. ‘कीटक’ची की दीर्घ केली, ‘विषबाधा’ हा शब्द चार ठिकाणी फुटला होता तो जोडला, ‘परिणाम’चा न ण केला. सही करून दिलं.

साधारण पंधरा दिवसांनी दुसऱ्या औषधाचं प्रूफ आलं. शब्द सारखे ठेवावेत म्हणून मी आधीचं छापील पत्रक शेजारी ठेवलं, आणि तक्त्यात तिसऱ्या ओळीवर भेंडी दिसली. हिंदीत नव्हती, गुजरातीत नव्हती. मराठीत होती, मात्रेसकट. मजकूर जुळवणाऱ्याने जुनी फाइल उघडली असणार. पण खाली सही माझी होती. ऱ्हस्व-दीर्घ तपासत मी त्या ओळीवरून दोनदा गेले होते आणि तिची काना-मात्रा बरोबर आहे म्हणून पुढे सरकले होते.

मी पत्रक घेऊन मालकांकडे गेले. सुरती माणूस, स्वभावाने वाईट नव्हे. त्यांनी ते भिंगाखाली धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बेन, आ कोण वांचे छे?”

मी म्हटलं की कोणी वाचो न वाचो, सही माझी आहे. तुम्ही कळवणार नसाल तर मी कळवते. त्यांनी पत्रक मला परत दिलं. दुपारी मात्र त्यांनीच कंपनीला फोन लावला. तिकडचा अधिकारी आधी चिडला, मग घाबरला. आदेश मोडल्याचं निरीक्षकाला कळलं तर माल जप्त होईल हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. महाराष्ट्रासाठी काढलेला निम्मा माल अजून भेस्तानच्याच गोदामात होता. बाकीचा धुळे-नंदुरबारकडे गेला होता. तिकडच्या दुकानदारांना पत्र पाठवू, असं तो म्हणाला.

नवी पत्रकं छापून झाली. गोदामात खोकी उघडून जुनं पत्रक काढायचं, नवं घालायचं आणि पुन्हा चिकटपट्टी लावायची. या कामाला आठ-दहा बायका बोलावल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मीही जाऊन बसले. तीन दिवस लागले. बाटल्या सीलबंद होत्या, तरी वास होताच. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं जड झालं ते रात्रीपर्यंत तसंच राहिलं.

माझ्या शेजारी यवतमाळकडची एक बाई होती, नवरा बांधकामावर. तिने विचारलं, या कागदावर एवढं काय लिहिलंय? मी वाचून दाखवत गेले, हात मात्र चालू ठेवले. रिकामी बाटली ठेचून पुरून टाकावी, तिचा इतर कशासाठी वापर करू नये, इथे ती थांबली.

“आमी तर त्या डब्यानं पाणी भरत होतो,” ती म्हणाली. “धुऊन घेत होतो चांगला.”

मग ती पुढचं खोकं उघडू लागली. 

दिवाळीला भावाकडे गेले. तो धुळ्याच्या बाजूला गावी राहतो, दोन एकर बागाईत, त्यात भाजी करतो. त्याची परिस्थिती बरी आहे. तालुक्याला त्याच्याबरोबर कृषी केंद्रात गेले आणि मुद्दाम त्या औषधाचं विचारलं. दुकानदाराने फडताळातून बाटली काढून दिली. मी तिथेच खोकं उघडलं. पत्रक जुनं निघालं. कंपनीचं पत्र आलं का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला कागद खूप येतात, ताई. मी भेंडीची ओळ त्याला बोटाने दाखवली, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. उरलेल्या अकरा बाटल्यांच्या खोक्यांतल्या पत्रकांवर मी त्याच्या समोर पेनाने ती ओळ खोडली. तो मला अडवत नव्हता. गिऱ्हाइकं बाजूने हात घालून आपापलं सामान घेत होती. भाऊ बाहेर मोटारसायकलवर बसून होता.

घरी परतल्यावर त्याला विचारलं, तू भेंडीवर हेच मारतोस का? तो म्हणाला, आता दुसरं मारतो, दुकानदार देतो ते. त्याची बाटली गोठ्याच्या कोनाड्यात होती. पत्रकही होतं, घडी न मोडलेलं. ते मी उलगडलं. या औषधाला भेंडीवर परवानगी होती, आकडा बरोबर होता, मराठी शुद्ध होती. फवारणीनंतर सात दिवस तोडणी करू नये. मी त्याला ते वाचून दाखवलं.

तो जेवत होता. घास खाली ठेवून त्याने समजावलं, लहानपणी मी त्याला पाढे समजावत असे तसं. “ताई, भेंडी दोन दिनमा तोडनी पडस. सात दिन थांबनू ते जून व्हई जास. कोन लेस मंग?”

जून भेंडी कोणी विकत घेत नाही, हे खरंच होतं. इतकी वर्षं मी तो रकाना वाचत होते, आणि भेंडी एका दिवसाआड तोडतात हे त्या गावात वाढलेल्या मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

सुरतेला आल्यावर कंपनीला एक पत्र लिहिलं. सरकारी कार्यालयालाही त्याची प्रत पाठवली. दिवसाआड तोडायच्या भाज्यांना एवढा काळ कसा पाळायचा, एवढंच विचारलं होतं. कंपनीचं उत्तर आलं, सूचना नोंदवली आहे. सरकारी कार्यालयाकडून पोच आली, पुढे काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी ते काम सोडलं. मोतीबिंदूचं कारण दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. माझ्या जागी कोसाडच्या वसाहतीतली एक मुलगी आली आहे. घरी अहिराणी, बाहेर गुजराती, मराठी ती अडखळत वाचते. आठवडाभर मी तिच्याबरोबर बसले. तिला सांगितलं, आधी पिकांची नावं बघ, मग आकडे. आदेशाचा कागद समोर ठेवून एकेक ओळ जुळव. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, शुद्धलेखन चुकलं तर कोणी रागावणार नाही ना?

नाही म्हटलं, रागावणार नाही.