पेन्सिलने भरलेला अर्ज

आज सोमवार, १५ सप्टेंबर. सकाळी दहाला अमळनेरच्या आमच्या महाविद्यालयाचे कार्यालय उघडले. दुपारी तासभर वीज नव्हती. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर मी एकटीच होते. चार वाजता गौरव समितीचा निरोप आला, की भास्करनानांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या अंकासाठी माझा लेख अजून मिळालेला नाही. सगळे गेल्यावर लिहायला बसले आहे. मला लेख लिहिण्याची सवय नाही. जे घडले तेवढे सांगते.

नानांची पहिली ओळख याच खिडकीवर झाली. ते येथे शिष्यवृत्तीचे काम पाहत आणि मी पहिल्या वर्षाला होते. त्यांची एक पद्धत होती. संगणकावर अर्ज भरण्याआधी तो प्रत्येकाने कागदावर पेन्सिलने भरून दाखवायचा. मग संगणकापुढेही विद्यार्थ्यानेच बसायचे. नाना मागे उभे. "मी भरून दिला तर पुढच्या वर्षी परत मलाच शोधत येशील," असे ते म्हणत. खेड्यांवरच्या मुलांना त्यांचा पहिला प्रश्न असे, "बठ्ठा कागद शेतस ना?", म्हणजे सगळे कागद आहेत ना. एकदा रांगेतून एक मुलगा ओरडला, "नाना, आवरा ना, एस.टी. जाईल!" नाना मान वर न करता म्हणाले, "एस.टी. दुसरी येते रे भाऊ. अर्ज चुकला तर वर्ष जातं."

मी दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर कॉलेज सोडून कुठल्यातरी दुकानात कामाला लागायचे, असे आईने आणि मी ठरवले होते. मुदत संपायला एकच दिवस उरला होता. आईच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सगळे जोडून मी कागद खिडकीत दिला. 'वडील हयात आहेत का?' या रकान्यात मी 'होय' लिहिले होते. ते चुकून झाले नव्हते. दुसरा शब्द लिहायला हात उठत नव्हता.

नानांनी कागद वाचला, दाखले पाहिले आणि म्हणाले, "ताई, तू जरा आत येऊन बस."

"नाना, हिचं काय चुकलं?" मागच्या मैत्रिणीने विचारले.

"काही नाही. हिचं अक्षर चांगलं आहे. माझी यादी लिहून घ्यायची आहे."

आणि खरोखरच रांग संपेपर्यंत मी नावांची यादी लिहीत बसले. मग त्यांनी चहा मागवला.

"बाबांचं नाव काय?"

मी सांगितले.

"ते तुझ्या नावापुढे आहेच. ते कुणी काढायला सांगत नाही. हा रकाना फक्त सरकारला कळवण्यापुरता. पण असाच गेला तर अर्ज परत येईल, आणि उद्यानंतर माझ्याही हातात काही नाही."

मी संगणकापुढे बसले आणि त्या रकान्यापाशी अडले. ते म्हणाले, "सरक जरा." आणि संगणकापुढे बसले. "एवढा एक मी भरतो. बाकीचा तू भर."

तेवढा रकाना भरून ते उठले. पेन्सिलने लिहिलेले 'होय' त्यांनी खोडले नाही. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

अर्ज मंजूर झाला. शिक्षण पूर्ण करून मी याच कार्यालयात, त्यांच्या शेजारच्या टेबलावर लागले. त्या दिवसाबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. निवृत्तीनंतर आता ते धुळ्याला देवपुरात राहतात. मुदतीच्या आठवड्यात मात्र त्यांचा फोन येतो, "किती बाकी आहेत?"

नानांच्या गुडघ्यांना आराम पडो, त्यांचे डोळे दाखल्यावरचे बारीक अक्षर असेच वाचत राहोत आणि हा फोन आम्हाला अजून पुष्कळ वर्षे येत राहो, एवढीच मनापासून इच्छा.

आज आलेल्या कागदांत एका मुलीने तोच रकाना कोरा सोडला आहे. तिला उद्या रांग संपल्यावर बोलावले आहे. तिचा कागद गठ्ठ्यातून काढून वेगळा ठेवला. खिडकीतल्या पेन्सिलला टोक केले, खिडकी लावली आणि दाराला कुलूप घातले.