कमिटीपुढची बोंबलांची पाटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गॅलरीत बोंबील वाळत घातले ते. बायको खुर्चीत बसून जोड्या लावत होती, मी उभा राहून दोरीवर अडकवत होतो. खालून सोसायटीचा सेक्रेटरी ओरडला, "काका, वास येतो हो!" ती बसल्या जागेवरून म्हणाली, "येऊ दे. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी सोसला, तुम्हाला काय धाड भरली?" आम्ही दोघं हसलो. सेक्रेटरीला काही कळलं नाही. दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

ठाण्याच्या साहेबांनी वास का सोसला, ते लिहायचं राहून गेलं होतं. ती सारखी मागे लागायची, "लिहा की." मी म्हणायचो, "माझी शाळा चौथीपर्यंत, मी काय लिहू?" आता लिहितो. गोष्ट जुनी आहे, पण मला कालच्यासारखी दिसते. नाव कुणाचंच घालणार नाही. जे गेले ते गेले, आणि जे आहेत त्यांना लेकरंबाळं आहेत.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन घरी आलो. ही हकीकत साठच्या दशकातली, तेव्हा मी जमादार होतो. आज जिथं नवी मुंबईचे टॉवर उभे आहेत तिथं भातखाचरं, मिठागरं आणि कोळीवाडे होते. खाडीकाठी माझी चौकी. कौलारू दोन खोल्या, पुढच्या खोलीत सरकारचं काम, मागच्या खोलीत आमचा संसार. आम्ही दोघंही घाटावरचे. तिनं तर समुद्र लग्नानंतरच पाहिला.

त्या सुमाराला सरकारनं एक कमिटी नेमली होती. खाडीच्या या अंगाला रस्ता कुठून न्यायचा, कारखाने कुठं, वस्ती कुठं, हे ती ठरवणार. तिचा एक मोठा नकाशा होता. पिवळा रंग म्हणजे राहती घरं, हिरवा म्हणजे मोकळी जागा, जांभळा म्हणजे कारखाने. रंग बदलला की त्या जमिनीचे नियमही बदलले. पोलिसांचा त्यात संबंध एवढाच, की साहेबांची जीप आली की पुढं उभं राहायचं आणि कुत्री हाकलायची.

थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस कोळीवाड्यातले नाखवा चौकीत आले. नाखवा म्हणजे मोठ्या होडीचे मालक, गावाचा कारभारही तेच बघायचे. मागे त्यांची बायको, नाखवीण. नाखवा बोलेनात. नाखवीणच बोलली.

"जमादार, आमच्या खल्यावर चुन्याचे दगड टाकलंन. रस्ता जानार हाय तिथून."

खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. गावापासून लांब, टेकाडाच्या पलीकडे, वाऱ्याच्या तोंडावर. दसरा झाला की तिथं बांबूचे मांडव उभे राहायचे, त्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. गावाचं वर्षाचं पोट तिथं सुकायचं. ते गेलं की गाव गेलं.

"रस्ता तर मागच्या बाजूनं, शेठच्या जमिनीतून जाणार होता ना?" मी विचारलं.

"तेच तर! मोजनीवाला म्हनतो, तुमच्याच म्हाताऱ्यानं कमिटीला सांगितलंन, खला पडीक हाय, कोन वापरीत नाय. आमच्यातला कोन म्हातारा? ह्यो एक हाय, त्याला तर घरात पन बोलता येत नाय!"

नाखवा खाली मान घालून हसले.

मी माहिती काढली. शेठ म्हणजे जमिनीचा मोठा व्यापारी. रस्ता त्याच्या जमिनीतून गेला असता तर जमीन सरकारजमा. म्हणून त्यानं कमिटीकडे अर्ज केला, की रस्ता खळ्यावरून न्या आणि उरलेल्या खळ्याला जांभळा रंग द्या. जागा दाखवायला त्यानं कमिटीला ऐन श्रावणात आणलं. पावसात बांबू कुजतात म्हणून मांडव काढून ठेवलेले असतात आणि त्या बाजूला कुणी फिरकत नाही. मोकळं रान, वर चिखल. तिथं लाल टोप्या घातलेले तीन कोळी उभे होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, आमची हरकत नाही. मी त्या दिवशी साक्षीसाठी पनवेलच्या कोर्टात होतो. झालं काम.

तोतयेगिरीचा गुन्हा सरळ दिसत होता. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि वर गेलो. आमचे फौजदारसाहेब म्हणाले, "फसली असेल तर कमिटी फसली. ती तक्रार करील. तुम्ही चौकी सांभाळा." साहेब वाईट नव्हते. त्यांना बदली हवी होती, एवढंच.

कमिटीची शेवटची बैठक ठाण्याला व्हायची होती. तिथं नकाशा पक्का झाला की मग ब्रह्मदेव आला तरी रंग बदलणार नव्हता.

खबर दिली एसटी थांब्यावरच्या चहावाल्यानं. "जमादार, श्रावणात तीन कोळी बघितले. माझ्या टपरीमागं टोप्या काढल्या, गोणीत भरल्या आणि शेठच्या लॉरीत बसले. कोळी टोपी गोणीत कशाला भरील? त्यातला एक, भुवईवर व्रण असलेला, पावणे गावाच्या बाजूला वीटभट्टीवर असतो."

भट्टीवर गेलो. व्रण सापडला. चौकशीला घेऊन आलो.

चौकशीची माझी पद्धत साधी होती. हात उगारायचा नाही. चोर मार खायच्या तयारीनं येतो, कंटाळ्याची तयारी कुणी करून येत नाही. बाकावर बसवायचं आणि तेच तेच विचारायचं. पण हा गडी पक्का निघाला.

"कुठला तू?"

"कोलीवाड्यातला."

"गाव तुला ओळखत नाही."

"गावानं मला वाळीत टाकलंन. मंग कशे वलखतील?"

बोली तर हुबेहूब. खाडीकाठी राबून राबून उचललेली. गाव म्हणतं हा आमचा नाही, हा म्हणतो गाव खोटं बोलतं. कमिटी कुणाचं ऐकणार? शेठ आधीच सांगत सुटला होता, की गाववाल्यांना जास्तीचा मोबदला हवा म्हणून ते शब्द फिरवतात. दुपारपर्यंत मीच कंटाळलो.

मागच्या अंगणात ही बोंबील वाळत घालत होती. नाखविणीनं ओल्या बोंबलांची पाटी पाठवली होती. चौकीत काय चाललंय ते तिला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. ती दारात आली आणि पदरानं हात पुसत त्या गड्याला म्हणाली, "काय रे, कोळी म्हणवतोस ना? मग बसलायस काय नुसता? इकडं ये, हात लाव. माझं आवरू दे."

मी रागावलो. "अगं, आरोपी आहे तो!"

"मग आरोपीला काय हात नसतात?"

गडी खूश झाला. बाकापासून सुटका. अंगणात गेला, पाटीतला एक बोंबील उचलला आणि दोरीवर टाकला. धोतर वाळत घालतात तसा, मधोमध दुमडून. बोंबील पाण्यानं भरलेला, गुळगुळीत. सरकला आणि खाली पडला. त्यानं दुसरा घेतला, तोही पडला. तिसऱ्याला तो गाठ मारायला लागला.

ही जी हसत सुटली! भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अवं, इकडं या! हा माझ्यासारखा आहे! हा घाटावरचा आहे!"

आम्ही बदलीवर आलो त्या साली तिनं अगदी असेच बोंबील टाकले होते. मधोमध दुमडून. पाटीभर मासळी मातीत गेली होती आणि कोळणी तिला चिडवून चिडवून बेजार करत होत्या. मग नाखविणीनं तिचा हात धरून शिकवलं. बोंबील एकेकटा टांगत नाहीत. दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीच्या दोन बाजूंना दोन सोडायचे. दात सुईसारखे असतात, ते धरून ठेवतात. कोळ्याच्या घरातलं रांगतं पोरही हे बघतच मोठं होतं.

तिनं त्याच्यासमोर भराभर जोड्या टांगल्या. तो बघत राहिला. मग स्वतःच हसला आणि त्याची ती कोळी बोली गळून पडली.

"वहिनी, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ते नंतर. आधी ह्यांना खरं काय ते सांग."

त्यानं सांगितलं. शेठच्या मुनीमानं टोप्या दिल्या होत्या. कारखाना झाला की तिघांना गेटवर वॉचमन लावतो, असा शब्द होता. म्हातारा म्हणजे मुनीमाच्याच गावाकडचा.

मला वाटलं, जिंकलो. ही म्हणाली, "कबुलीचं काय घेऊन बसलात? वकील म्हणंल, मारून घेतली. बैठकीला पाटी घेऊन चला."

"ठाण्याला? बोंबील?"

"मी आणि नाखवीण आणतो. तुम्ही फक्त दारातल्या पट्टेवाल्याला गप्प करा."

पट्टेवाला गप्प होईना. "साहेबांच्या हॉलमध्ये मासळी?" नाखवीण त्याला म्हणाली, "दादा, ही मासली नाय, साक्षीदार हाय." आणि घुसली.

आत लांब टेबल, टेबलावर तो नकाशा. अध्यक्ष, म्हणजेच ठाण्याचे ते मोठे साहेब, वयस्कर, करड्या नजरेचे, कमी बोलणारे. शेठनं म्हातारा आणलाच होता, नवी टोपी, पांढरा सदरा. मी माझ्या गड्याची कबुली सांगायला उभा राहिलो, तर शेठचा वकील लगेच, "मारून घेतली, साहेब. जमादाराचं गावात उठणंबसणं आहे, त्याची बायको रोज मासळी घेते."

"विकत घेते," ही मागून म्हणाली. "फुकट नाही." हॉलमध्ये हशा झाला.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमच्याकडे पुरावा काय?"

मी पाटी उचलून टेबलावर ठेवली. दोघा-तिघांनी नाकाला रुमाल लावले. अध्यक्षांनी लावला नाही. मी म्हणालो, "साहेब, मला फार बोलता येत नाही. ह्या बाबांना म्हणावं, पडद्याच्या त्या दोरीवर एवढे बोंबील टांगा. जमलं तर मी चुकलो, माझा पट्टा काढून घ्या."

म्हातारा मुरलेला होता. "ते बायकांचं काम हाय, साहेब."

वाटलं, संपलं. उत्तर चांगलं होतं. पण नाखवीण पुढे आली.

"बायकांचा काम? मंग लहानपनी तुला कोन जेवाला घालीत होता रं? आमच्यात पोरानं चार जोड्या टांगल्याबिगर त्याला भाकर भेटत नाय! आवो, दाखवा त्याला!"

हे शेवटचं नवऱ्याला. नाखवा, ज्यांना घरातही बोलता येत नाही असा लौकिक, ते पुढे झाले. पाटीत न बघता हात घातला. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "श्रावणात आम्ही आलो तेव्हा तिथं काहीच कसं नव्हतं?" नाखवा त्यांच्याकडे बघून बोलत होते आणि खाली हात आपले जोड्या लावत होते.

"पावसात बांबू कुजतान, साहेब. काढून ठेवतो. तुमी छत्री उन्हाल्यात भिंतीला टांगता ना? ती टाकलेली नस्ते."

बोलणं संपेपर्यंत पडद्याची दोरी भरली होती. एकही बोंबील पडला नाही.

अध्यक्षांनी पाटी म्हाताऱ्यापुढे सरकवली. आता त्याला नाही म्हणता येईना. त्यानं नाखवांचं बघून दोन बोंबील घेतले, तोंडाला तोंड लावलं, पण जबडा अडकवायचा कसा ते बघून कळत नाही. दात बोटात घुसले, तो ओरडला, आणि दोन्ही बोंबील नकाशावर पडले, नेमके त्या जांभळ्या रंगावर. रंग ओला होऊन पसरला.

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी म्हाताऱ्याला हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुमचं गाव कुठलं?" म्हाताऱ्यानं शेठकडे बघितलं, शेठनं खिडकीकडे. म्हाताऱ्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खरं गाव सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात कमिटी खळ्यावर आली, आणि या वेळी शेठशिवाय. मांडवांवर बोंबील चमकत होते, खालून जाताना साहेबांना डोकं वाकवावं लागलं. रस्ता पुन्हा गावाच्या मागून, शेठच्याच जमिनीतून गेला. खळ्याला हिरवा रंग मिळाला आणि शेजारी अक्षरात लिहिलं, मासळी सुकवण्याची जागा. कमिटीनं आपल्या नियमांतही भर घातली. जागा पडीक म्हणायच्या आधी ती तिच्या कामाच्या हंगामात बघायची आणि गावाला गावात जाऊन विचारायचं. शेठवर आणि मुनीमावर खटला भरला गेला. फौजदारसाहेबांना बदली मिळाली आणि शाबासकीही. मला काही मिळालं नाही, पण गावानं हिला होडीत बसवून ढोल वाजवत खाडीत फिरवलं. ती पाण्याला भ्यायची. माझा दंड धरून बसली होती आणि भीतीनं नि हसण्यानं तिला धड बोलताही येत नव्हतं. "जमादारीनबाय, आता कोलीन झालीस!" बाया ओरडत होत्या.

सगळ्या पट्ट्याचं आता शहर झालं. चारी बाजूंनी इमारती उठल्या, पण ते खळं अजून आहे. मुलगा गाडीतून तिकडून न्यायचा तेव्हा ती काच खाली करायची. वास घ्यायची.

नोकरीत मी पुष्कळ केसेस केल्या. या केसनं शिकवलं ते असं, की खोटं पकडायला मोठी अक्कल लागत नाही. तीच चूक स्वतः केलेलं आणि ती कबूल करून हसणारं माणूस शेजारी लागतं. हुशार अधिकारी मी खूप बघितले. त्यांच्या शेजारी असं कुणी नव्हतं. माझ्या शेजारी होतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, गॅलरीतले बोंबील काढू का? सुतक आहे, लोक येतायत." मी म्हणालो, "हात लावू नकोस." गॅलरीत गेलो. खाली सेक्रेटरी उभा होता, त्यानं वर बघून हात जोडले. वाऱ्यानं एक जोडी सुटून फरशीवर पडली होती. जोड्या लावायचं काम नेहमी तिचं, माझं नुसतं अडकवायचं. दोन्ही बोंबील उचलले, पुसले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा घातला. पहिल्यांदा निसटले. दात बोटात रुतले. दुसऱ्यांदा बसले. मग दोरीवर टांगले.