दाराजवळची जागा

यांना क्षय झाला आणि दौंडच्या लोकोशेडमधलं कोळशाचं काम सुटलं. आम्ही शिरूरला, मिशनच्या चाळीत परत आलो. तेव्हा क्षय म्हटलं की माणसं दारातूनच बोलायची.

महिन्यातून एकदा चर्चमध्ये प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीनं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. आमच्या मंडळीत प्याला एकच, रांगेनं हातोहात फिरायचा. आल्यानंतरच्या पहिल्याच खेपेस यांच्यानंतरच्यानं तो न पिता नुसता ओठांजवळ नेला आणि पुढं सरकवला. मग सगळ्यांनी तसंच केलं. कुणी बोललं असतं तर मी सोडलं नसतं, माझं तोंड तसं तिखट. पण न बोलणाऱ्याला काय सुनावणार? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी हे म्हणाले, "आता मी प्रभुभोजन घेनार न्हाई. माझ्यामुळं लोकांचं का म्हून चुकवायचं?"

काम गेलं, अंगातलं बळ गेलं, यांच्याकडं एवढंच उरलं होतं. मी हातापाया पडले. शेवटी ठरलं, दाराजवळ, अगदी शेवटी बसायचं. म्हणजे यांच्यानंतर प्यायला कुणी नाही.

चाळीत एक विधवा होती. नळावर तिचं-माझं रोज वाजायचं. हांड्यावरून, रांगेवरून, नाहीतर नुसत्या बघण्यावरून. एकदा तर, "नवरा खाल्लास," इथवर माझी जीभ गेली होती. ती हांडा उचलून निघून गेली. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, काय सांगू!

पुढच्या प्रभुभोजनाला ही बाई उशिरा आली. पुढं जागा होती, तरी यांच्या पलीकडं, उंबऱ्याला टेकून बसली. प्याला फिरवणारे मंडळीचे वडील हळूच म्हणाले, "बाई, पुढं या."

"का? हितं काय काटं हायती?"

यांनी घोट घेतला आणि प्याला वडिलांकडं परत द्यायला लागले. तिनं हात पुढं केला. "आना की दादा हिकडं." उरलेलं सगळं प्यायली आणि पदरानं तोंड पुसलं.

महिनाभर मी रडून मागत होते, देवा, कुणाला तरी पाठव. पाठवलं ते हिला! मला मान वर करवेना. हे मात्र रडत होते, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी नळावर बोलायला गेले आणि हांडा नळाखाली ठेवून तिच्याकडं बघतच राहिले. तीच खेकसली, "बघतीस काय? हांडा सरकव."

मी सरकवला.

हे होते तोवर दर प्रभुभोजनाला ती उशिराच यायची. हे गेल्यावरच्या प्रभुभोजनाला मी पोचले, तर ती घंटेच्याही आधी येऊन पहिल्या रांगेत बसलेली. शेजारची जागा तिनं धरून ठेवली होती. नळावरचा तो माझाच शब्द मला परत देता आला असता तिला.

"बस हितं," एवढंच म्हणाली.