गिरणीवाल्याचा आवाज

गेल्या मंगळवारी दहा किलो ज्वारी घेऊन मी देवळाली प्रवरातल्या गिरणीत गेलो. दळणाचे पन्नास रुपये ठरलेले. तिथं आम्ही दोघंच होतो, गिरणीवाला आणि मी. एरवी सात-आठ जण असतात.

बारा वर्षं तिथं दळण नेतो, पण त्याचं नाव मला ठाऊक नाही. "भाऊ, बारीक का जाडं?" हेसुद्धा तो खडखडाटात ओरडूनच विचारायचा. त्या दिवशी त्यानं नुसती बोटं हलवली.

महिन्यापूर्वी गावच्या ग्रुपवर बारा सेकंदांचा व्हिडिओ आला होता. त्यात हा गिरणीवाला एका बाईवर हात उडवत ओरडताना दिसत होता, आवाजाच्या जागी गाणं लावलेलं. खाली एकशे चाळीस रागावलेले लाल चेहरे. त्यातला एक माझा.

गिरणी थांबल्यावर मी विचारलं, "त्या बाईला काय म्हणाला होतात?"

"पदर पट्ट्यात चाल्ला हुता तिचा. मागं सरा म्हनलं." त्यानं हातावरचं पीठ झटकलं. "गिरनीत वरडल्याबिगर ऐकू येत न्हाई, भाऊ. आन् मोबाईलमदी गिरनीच ऐकू येत न्हाई."

संध्याकाळी मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. पहिलं उत्तर आलं, "काका, किती घेतले त्याच्याकडून?" त्याखाली लाल चेहरे जमू लागले.

घेतले काहीच नव्हते. पन्नास रुपये दिले होते, गिरणीवाल्याला.