गेममधली मम्मी

मुलगी गेम बनवते आहे हे कळलं, तेव्हा मला वाटलं, गाड्या पळवायच्या किंवा बंदुका चालवायच्या असं काहीतरी असेल. ती कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा होता. एका रविवारी तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर शाळेचा सायकल स्टँड, तिथे उभ्या दोन मुली, आणि खाली एकेक वाक्य उमटत होतं. पळापळ नाही, मारामारी नाही.

"यात करायचं काय?" मी विचारलं.

"पढ़ो, और जहाँ पूछे वहाँ जवाब चुनो," ती म्हणाली. माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. आम्ही नागपूरहून रायपूरला आलो तेव्हा ती चालायला शिकत होती, बोलायला ती इथे शिकली.

गोष्ट अशी होती. अकरावीतल्या दोन जिवलग मैत्रिणी. एकीच्या वडिलांची बदली होते, पण ती दुसरीला सांगत नाही. दुसरीला ते वर्गातल्या एका मुलाकडून कळतं, आणि तो मुलगा दोघींनाही थोडा थोडा आवडत असतो. मग अबोला. खेळणारा म्हणजे ती दुसरी मुलगी. काय बोलायचं, कधी गप्प बसायचं, ते आपण ठरवायचं आणि गोष्ट तशी वळत जाते.

मी शहाण्यासारखी उत्तरं निवडत गेले. 'तूने मुझसे छुपाया.' 'मैं होती तो पहले तुझे बताती.' शेवटी ती मैत्रीण एक शब्द न बोलता सामानाच्या गाडीत बसून निघून गेली.

"माझं काय चुकलं?" मी चिडलेच. "खरं तेच तर बोलली मी!"

"सच तो बोला मम्मी. पर एक बार भी पूछा क्या, उसको कैसा लग रहा है?"

मी पुन्हा सुरू केलं. ती मैत्रीण बुढ्या तलावाच्या काठावर थांबून मागे वळेपर्यंत मी लॅपटॉप सोडला नाही. ते चित्र माझ्या मुलीनेच काढलेलं होतं. आमच्या घरापासून चार पावलांवरचा तलाव, रोज बघतो, पण त्या मुलीच्या पाठीमागे तो असा दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट खटकली. गेममधल्या मुलीला एक मराठी आई होती आणि ती म्हणत होती, 'बाळा, तू उदास का आहेस? मला सांग ना.'

"ही कोण बोलून राहिली वं? अशी मम्मी पाहिली का तू कुठं?"

"मराठी किताबों में तो ऐसे ही बोलते हैं."

"किताब राहू दे. तू तोंड फुगवून बसली की मी काय म्हणते?"

ती कमरेवर हात ठेवून, अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "काहून वं, कोणी काही बोललं का तुले? आधी दोन घास खाऊन घे, मग रडजो."

आम्ही दोघी हसत सुटलो. तिने लगेच ते वाक्य लिहून घेतलं आणि म्हणाली, "आवाज़ भी आप ही दोगे."

मे महिना होता. गल्लीतले स्कूटरचे हॉर्न रेकॉर्डिंगमध्ये येऊ नयेत म्हणून तिने खिडक्या लावल्या, दारावर रजया टांगल्या आणि कूलर बंद केला. घामाने माझा ब्लाउज पाठीला चिकटला. मी कागद धरून शाळेतल्या कवितेसारखं म्हणत होते. शेवटी तिने कागदच काढून घेतला. "पढ़ो मत. मेरी तरफ देखो." आणि समोर गाल फुगवून बसली. मग मला वाक्य आठवावं लागलं नाही.

कॉलेजात सगळ्यांच्या प्रोजेक्टांचं प्रदर्शन होतं, त्या दिवशी मी ऑफिसातून सुट्टी घेतली. हॉलमध्ये टेबलं मांडली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गेम बघितला, आणि त्यांतले एक सर म्हणाले, "बाकी सब हिंदी में है, तो माँ मराठी क्यों? और ये तो शुद्ध मराठी भी नहीं है. हिंदी कर दो, ज़्यादा लोग खेलेंगे."

माझी ही मुलगी तोंडी परीक्षा असली की आदल्या दिवसापासून भीतीने जेवत नाही. मला वाटलं, आता मान हलवून 'जी सर' म्हणेल.

"सर, नीचे हिंदी में लिखा आता है," ती म्हणाली. "पर माँ ऐसे ही बोलेगी. रायपुर में ऐसे बहुत घर हैं. मेरा भी है. ये आवाज़ मैं नहीं बदलूँगी."

सरांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पुढच्या टेबलकडे गेले. मी मागे भिंतीपाशी डब्याची पिशवी घेऊन उभी होते. तिथून मला तिचे खांदे दिसत होते. ते जराही झुकले नव्हते.

दुपारी जवळच्या अभनपूरहून आलेली एक बाई तिच्या मुलीबरोबर टेबलापाशी बसली. मुलगी उत्तरं निवडत होती, आई नुसती ऐकत होती. माझं वाक्य आलं तशी ती बाई हसली आणि मला म्हणाली, "मोर नोनी घलो अइसनेच मुँह फुलाथे, अउ खाय बर नइ उठय." तिची पोट्टीही अशीच रुसते आणि जेवायला उठत नाही म्हणे.

मला राहवलं नाही. "ये आवाज़ मेरी है. और गेम मेरी बेटी ने बनाया है."

"हव?" तिने माझा हात धरला आणि माझ्या मुलीकडे बघत राहिली.

पहिला नंबर शेताला पाणी देणारं यंत्र बनवणाऱ्या मुलांना मिळाला, आणि ते यंत्र होतंच चांगलं. हिचा दुसरा आला. पुढे तिने गेम इंटरनेटवर फुकट ठेवला. काही आठवड्यांनी एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. शाळेपासून अबोला असलेल्या मैत्रिणीला तिने गेम संपल्यावर फोन केला होता. माझ्या मुलीने तो मेसेज मला स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवला. "मम्मी, उसने सच में फ़ोन किया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात, मी डब्याच्या आधी मोबाइलवर गेम उघडला. शेजारच्या टेबलवरच्या दीदीला म्हटलं, "इधर बैठो. एक चीज़ दिखाती हूँ, मेरी बेटी ने बनाई है."