येऊ-का वकील

आमचे वकील कुठल्याही दारात आधी थांबायचे आणि हाक द्यायचे, "येऊ का घरात?" दार सताड उघडं असो, आतला माणूस समोर दिसत असो, हाक दिल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबरा ओलांडायचं नाही. स्वतःच्या घरीसुद्धा. बायको आतून म्हणायची, "या की, तुम्हाला काय आवतण धाडू?" शिरूरच्या कोर्टात त्यांना मागून सगळे ‘येऊ-का वकील’ म्हणत. आणि गंमत बघा, या माणसाच्या निम्म्या केसेस घरफोडीच्या! न विचारता घरात शिरलेल्यांचे हे वकील. त्या शिरलेल्यांतली एक मी.

हो, मी. घरफोडीची आरोपी. आजही लिहिताना कान तापतात.

मालक वारल्यावर मी कारेगावात खोली घेतली आणि कंपनीत पॅकिंगला लागले. मांडवगणाकडचं आमचं घर बंद असायचं. धाकटे दीर दौंडला राहतात, सासूबाईही तेव्हा त्यांच्याकडेच होत्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. एकदा गावी गेले तर दाराला नवंकोरं कुलूप. दिरांना फोन केला, तर म्हणाले, "वहिनी, तुमचा आता तितं काय संबंध?" तेव्हा राग गिळला. पण नवरात्र आलं. आमच्या घराण्यात घट थोरल्या सुनेनं बसवायचा, आणि थोरली सून मीच. किल्ली मागितली, मिळाली नाही. मग माझंही डोकं फिरलं. घटस्थापनेच्या सकाळी, दिवसाढवळ्या, दगडानं कुलूप तोडलं. घर झाडलं, सारवलं, पत्रावळीवर काळी माती पसरून गहू पेरला आणि घट बसवला. आत्याबाईंची बोरमाळ आमच्यात दरसाल घटाला घालतात. ती देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यातच असते. तीही घातली. विधवा बाईनं घट बसवला म्हणून गावात कुजबुज झाली, पण आरतीला बायका आल्या.

पाचव्या माळेला पोलीस आले. दिरांनी फिर्याद दिली होती, की वहिनीनं रात्री कुलूप तोडून आईची बोरमाळ चोरली. आरतीचं ताट हातात तसंच राहिलं. बायका भिंतीला चिकटल्या. मला गाडीत बसवलं तेव्हा मी पदर तोंडावर ओढून घेतला. काही चोरलं नव्हतं गं बाई, तरी ओढला. कंपनीतला ठेकेदार म्हणाला, "केस मिटव, मग ये." शिक्षा झाली असती तर घर गेलं असतं, काम गेलं असतं, आणि चोरटी हे नाव मात्र जन्माला चिकटलं असतं.

जामीन झाल्यावर खोलीशेजारच्या बाईनं मला या वकिलांकडे नेलं. मी बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, कुलूप मी तोडलंय." ते शांतपणे म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. आता घर कुणाचं ते सांगा." मी सगळं सांगितलं आणि रडले. म्हटलं, लाज वाटते हो, बाजारात जायला तोंड राहिलं नाही. तर म्हणाले, "वाटू द्या. लाज वाटती ती माणसालाच. पन लाज आन् गुन्हा एकाच खुंटीला टांगू नका." त्यांचं बोलणं असं. न्यायाधीशांसमोर शुद्ध, आमच्यासारख्यांशी घरचं.

जागा बघितल्याशिवाय ते केस चालवत नसत. "जागा न बघता वकिली म्हंजी मुलगा न बघता मुलगी देनं," म्हणायचे. आम्ही गावी गेलो. तोवर दिरांनी आत्याबाईंना घर राखायला आणून ठेवलं होतं. जामिनाच्या अटीमुळं मला आत पाऊल टाकता येत नव्हतं. वकील दारात थांबले आणि त्यांनी नेहमीची हाक दिली, "येऊ का घरात?"

आत्याबाई बाहेर आल्या. त्यांना खालून वर न्याहाळून म्हणाल्या, "आडनाव काय म्हनायचं?"

त्यांनी सांगितलं. आत्याबाईंचा पदर सावरायचा हात मध्येच थांबला. "मग तितंच बसा, वट्यावर. आत द्येव हायती."

"आत्याबाई!" मी ओरडलेच. वकिलांनी हात वर केला. "असू द्या. वटा गार हाय." आणि खरोखर ओट्यावर टेकले. कडी-कोयंडा बाहेरूनच बघितला. आतून पाण्याचा तांब्याही आला नाही. त्यांनी पिशवीतली बाटली काढली, दोन घोट घेतले, आणि उठताना आत्याबाईंना हात जोडले, "येतो, आई." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्या अब्रूसाठी या माणसाला आणलं, आणि आपल्याच दारात त्याची ही शोभा!

फाट्यावर एसटीची वाट बघताना मी माफी मागायला लागले. ते हसले. "आमचा आजा दारोदार हाक देऊन भाईर उभा ऱ्हायचा, भाकरीसाठी. आत कुनी बोलवायचं न्हाई. मी तीच हाक देतो, पन उत्तर ऐकायला. उत्तरावरनं घर कळतं." मग म्हणाले, "आत ये म्हनले तर जातो. न्हाई म्हनले तर केस लढतो." मला हसूही येईना आणि रडूही.

तारखेला त्यांचा एकच हुकूम असायचा, "मान वर. आरोपीची मान खाली गेली की साक्षीदाराची जीभ सैल सुटती." मी मान वर करायचे, आणि ओळखीचं तोंड दिसलं की आपोआप खाली जायची. मग ते नुसते खाकरायचे. दिरांची साक्ष झाली तेव्हा ते इतक्यांदा खाकरले, की न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, पाणी हवंय का?"

पंच म्हणून आलेला शेजारी पिंजऱ्यात उभा राहिला. पंचनाम्याच्या वेळी तो पोलिसांसोबत घरात होता. वकिलांनी विचारलं, "घटात काय होतं?"

"माती व्हती. गहू उगवल्याला व्हता."

"केवढा?"

त्यानं चार बोटं आडवी धरली. वकील न्यायाधीशांकडे वळले. "रात्री घुसलेला चोर गहू पेरतो, रोज पाणी घालतो, आणि चार बोटं वर येईस्तोवर आरतीला गाव बोलावतो. असा चोर माझ्या उभ्या वकिलीत मला भेटलेला नाही." कोर्टात खसखस पिकली. मी मात्र हसले नाही, कारण बाकावर आत्याबाई बसल्या होत्या आणि पुढची साक्ष त्यांची होती.

दिरांनी त्यांना पढवूनच आणलं असणार. वाटलं, वकील आता ओट्याचा वचपा काढणार. पण त्यांनी आवाज चढवला नाही. पुस्तकी भाषाही बाजूला ठेवली. "आई, तुमच्यात घट कोन बसवतं?"

"थोरली सून."

"थोरली कोन?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं, बघितलं मात्र नाही.

"बोरमाळ पोलिसांना कुठं घावली?"

त्यांनी वकिलांकडं बघितलं, मग लेकाकडं. दिरांनी घसा साफ केला. वकील म्हणाले, "माझ्याकडं बघू नका, आई. लेकाकडंबी नको. ज्या देवीला माळ घालता, तिला आठवा आन् बोला."

आत्याबाईंनी डोळे मिटले. "घटाला व्हती. दरसाल घालत्यात तशीच. माझी माळ कुनी चोरली न्हाई." मग एकदम रडून म्हणाल्या, "आमच्यात घट कवाच चुकला न्हाई. ह्या पोरीनं चुकू दिला न्हाई, आन् आमी तिला गाडीत घालून न्हेली."

मी निर्दोष सुटले. दीर तरातरा निघून गेले. आत्याबाई त्यांच्यामागं गेल्या नाहीत. माझ्याच एसटीत बसल्या, आणि तेव्हापासून त्या गावच्या घरात माझ्याजवळच आहेत. कोर्टाच्या आवारात मी वकिलांना म्हटलं, "औंदाच्या घटाला या. आत बसायचं, देव्हाऱ्यापुढं." ते म्हणाले, "आईंनी बोलावलं तर येईन." आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला, तोंड उघडलं, आणि काही न बोलता ते मिटून घेतलं. ते म्हणाले, "असू द्या. नवरात्राला अजून येळ हाय."

नवरात्राच्या तोंडावर ते गेले. छातीत कळ आली आणि गेले. मी भेटायला निघाले तर आत्याबाई आधीच पायात चपला घालून तयार. "मलाबी यायचंय."

शिरूरात त्यांच्या गल्लीतलं ते घर. दार उघडंच होतं. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो, हार घातलेला. मी आत गेले, त्यांच्या बायकोचे हात धरले. मागं वळून बघते तर आत्याबाई आल्याच नव्हत्या. बाहेर पायरीवर बसल्या होत्या, भर उन्हात.

"आत्याबाई, आत या."

"ऱ्हाऊ दे. मी हितंच बरी हाय." मग खाली बघत म्हणाल्या, "त्यान्ला मी भाईर बसवलं व्हतं. पानीबी इचारलं न्हाई."

वकिलांची बायको सगळं ऐकत होती. तिनं डोळे पुसले, तांब्या भरून घेतला आणि दारात येऊन उभी राहिली. पाणी बाहेर दिलं नाही. म्हणाली, "पानी हाय. पन आत येऊन प्यायचं."

आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. गावात त्या कुणाच्याही घरात हक्कानं शिरतात, चुलीपर्यंत जातात, विचारायची त्यांना सवयच नाही. त्यांनी आतल्या फोटोकडं बघून हात जोडले.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "येऊ का घरात?"